गाडी मी परत मागितली नव्हती

माझं तोंड खराब आहे. हे आधीच सांगून टाकतो. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, नांदेड डेपोला. माहूरच्या पौर्णिमेच्या गर्दीत, देगलूरच्या बाजारच्या गाडीत, मराठी, हिंदी, तेलुगू, जी भाषा तोंडात येईल तिच्यात मी लोकांवर ओरडलेलो आहे. ओरडून झालं की विसरायचो. परक्या माणसाचा राग घरी नेऊन त्याचं काय लोणचं घालायचं? पण घरच्या माणसाचा राग आला की तो मी सोडत नसे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला मी.

रिटायर झालो तेव्हा पोराच्या हट्टापायी सात सीटची गाडी घेतली. वर्षभरात पोराला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. मला चालवता येत नाही. सगळी जिंदगी गाडीत गेली, पण घंटी मारणारा मी आणि स्टेअरिंग धरणारा दुसरा. गाडी दारात उभी राहून कुत्र्यांना सावली देऊ लागली. तेव्हा दाजींनी ती घेतली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. निलंग्याला त्यांचं मोटारी आणि पाइपांचं दुकान. व्यवहार चोख झाला, त्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही. फक्त गाडी त्यांच्या नावावर करायची राहिली. आरटीओत खेटे घाला, फॉर्म भरा, सह्या करा, घरातल्या घरात कशाला ही भानगड? दाजी म्हणाले, "तुमचं नाव असलं काय आन माझं असलं काय." मी म्हणालो, "हाव की." आमच्याकडं निम्म्या गाड्या अशाच फिरतात. आरसी बुकात एक माणूस आणि गाडीत भलताच.

मग भाचीचं लग्न आलं. दाजींना तेवढी एकच लेक. आमच्याकडं नवरीला मांडवात आणायचं ते मामानं आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. मी फेटा बांधून तयार होतो. दाजींची पुढाऱ्यांत ऊठबस, त्यामुळं मुहूर्त टळून तासभर झाला तरी एका पुढाऱ्यासाठी सगळं वऱ्हाड ताटकळत बसलेलं. शेवटी साहेब आले, स्टेजवर चढले, आणि दाजींनी माझा दंड धरला. "जरा बाजूला सरका पाव्हणं, सायबांचा फोटो येऊन न्हाई राहिला." नवरीच्या मागं मामाच्या जागेवर पुढारी उभा आणि मामा स्पीकरच्या खोक्याजवळ. पाचशे माणसांसमोर. अक्षता पडल्या तसा मी खाली उतरलो, पहिल्या पंगतीला बसलेल्या बायकोला वाढल्या ताटावरनं उठवलं आणि स्टँडचा रस्ता धरला. लग्नघरातून न जेवता निघणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मुद्दाम केलं. आक्का अनवाणी रस्त्यापर्यंत मागं आली होती. "असं करू नको रं, माझी शप्पत हाय तुला," म्हणत होती. मी वळून बघितलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष दाजी आणि मी बोललो नाही. त्यांनी फोन केला नाही, मीही केला नाही. आक्का मात्र दुपारी दाजी दुकानात असले की मला फोन करायची. माझं काय, तब्येत काय, भावजय काय म्हणते. शेवटी हटकून म्हणायची, "तूच बोल की रं एकदा त्यांच्याशी. बोलल्यानं अंगाला भोकं पडत्यात का?" मी म्हणायचो, "आधी त्यांनी बोलावं." ती म्हणायची, "ते बी हेच म्हणत्यात." मग आम्ही दोघं हसायचो. तिचं हसू खरं नव्हतं, हे मला कळत होतं.

कामाचा निरोप असला तर तो अहमदपूरच्या काकांमार्फत जायचा. हे आमचे चुलत चुलते, नांदेड आणि निलंग्याच्या मध्ये राहणारे, वयानं ऐंशीच्या घरात. भावकीत कुणाचा अबोला असला की दोन्हीकडचे निरोप यांच्याकडं. ही आमच्याकडची जुनी रीत आहे. थेट बोललं तर मान खाली जाते, तिसऱ्याच्या तोंडून गेलं तर जात नाही. काका निरोप पोचवायचे खरे, पण त्यात आपलं तिखटमीठ घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं.

अशात एका सकाळी शोरूममधून एका पोरीचा फोन आला. "सर, आपल्या गाडीसाठी कंपनीचा रिकॉल आहे." मी म्हणालो, "बाई, मला काही घ्यायचं नाही." ती म्हणाली, "घ्यायचं नाही सर, गाडी आणून द्यायची आहे. पुढच्या चाकाचा एक पार्ट सदोष आहे, कंपनी फुकट बदलून देते." मी म्हणालो, "आजकाल फुकट कोण काय देतं? ओटीपी सांगा म्हणशील आता," आणि फोन आपटला. चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. एकेका शब्दाखाली बोट ठेवून मी ते तीनदा वाचलं. नीट उमजलं नाही म्हणून पत्र घेऊन शोरूमला गेलो.

तिथल्या मिस्त्रीनं मला एका उचललेल्या गाडीखाली नेलं. पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या टोकाला एक गोल सांधा. आमच्या गाडीच्या लॉटमध्ये तो सांधा कच्चा निघाला होता. "काका, हा सुटला की चाक आडवं पडतं," तो म्हणाला. "मग स्टेअरिंग कितीबी फिरवा, गाडी आपली राहत न्हाई. खड्ड्यातनं कट कट आवाज येत असंल तर चालवूच नका." मी विचारलं, काम किती वेळाचं? "अर्ध्या दिवसाचं. नांदेडला करा, लातूरला करा, कुठंबी होतं. मालकाच्या मोबाइलवर एक नंबर येतो, तेवढा सांगावा लागतो."

मालक म्हणजे कागदावरचा मालक. म्हणजे मी.

ती फोनवाली पोरगी काउंटरवर होती. म्हणाली, "सर, गाडी कुणाकडं आहे त्यांचा नंबर द्या ना, आम्ही बोलतो त्यांच्याशी." चांगली पोरगी होती, मी फोन आपटला होता तरी तिनं मला बसायला खुर्ची दिली. मी म्हणालो, "नको. मी सांगतो त्यांना."

का म्हणालो ते आता सांगतो. हे मी बायकोशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दाजींचा नंबर दिला असता तर ते लातूरला गेले असते, मोबाइलवर आलेला आकडा शोरूमवाल्यांनीच मला फोनवर विचारला असता, अर्ध्या दिवसात काम झालं असतं आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नसतं. पण मला त्यांचं अडायला हवं होतं. त्यांनी नांदेडला यावं, माझ्या दारात गाडी लावावी, खाली मान घालून म्हणावं की तुमच्या मोबाइलवर नंबर आलाय तेवढा सांगा. मग मी चहा पाजणार होतो, नंबरही सांगणार होतो. फक्त त्याआधी दहा मिनिटं त्यांना तिष्ठत ठेवणार होतो. शोरूममधून घरी येताना मला सुख झालं होतं. हो, सुखच. दीड वर्षानं माझ्या हातात काहीतरी आलं होतं.

मी अहमदपूरला काकांना फोन लावला. म्हणालो, "काका, निलंग्याला निरोप द्या. म्हणावं, गाडी नांदेडला आणून लावा. कागद माझ्या नावावर आलाय."

"कशाचा कागद रं?"

"गाडीचा. बाकीचं इथं आल्यावर सांगतो म्हणावं."

चाकाचं बोललो नाही. चाकाचं बोललो असतो तर दाजींनी लातूरचा रस्ता धरला असता.

आता आमच्या भागात कुणी असा निरोप ऐकला तर त्याचा अर्थ काय लावील? गाडी याच्या नावावर, मनात दीड वर्षाचा राग, आणि हा म्हणतोय गाडी आणून लावा. अर्थ एकच, हा गाडी परत मागतोय. काकांनी तोच लावला आणि तसाच पोचवला. दोन दिवसांनी उलट निरोप आला. काका जरा हसतच म्हणाले, "जावई लई तापलेत बाबा. म्हणले, गाडी पैसे मोजून घेतलेली हाय, भीक मागितलेली न्हाई. हिंमत असंल तर दारातनं नेऊन दाखव म्हणावं."

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. "काका, गाडी नको मला, तिचं चाक निखळणार आहे," एवढं बोलायला श्वाससुद्धा घ्यावा लागला नसता. पण 'हिंमत' हा शब्द माझ्या कानात शिरला आणि माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "नसंल आणायची तर नका आणू. मरा म्हणावं तिकडं!"

आमच्याकडं 'मर तिकडं' हे दिवसातून दहादा म्हणतात. आई लेकराला म्हणते, बाई म्हशीला म्हणते. त्याचा कुणी अर्थ काढत नाही. काका शपथेवर सांगतात की तेवढं त्यांनी पुढं पोचवलं नाही. बाकी आयुष्यभर त्यांनी सगळं पोचवलं, तेवढंच ठेवलं म्हणतात. मी त्यावर विश्वास ठेवतो, न ठेवून जाईन कुठं?

बायको माझ्यामागं लागली. "अहो, त्या गाडीत वन्स बसतात. तुमचा राग दाजींवर आहे ना, मग वन्सना तरी सांगा." मी म्हणालो, सांगतो. त्या दुपारी आक्काचा फोन आला. पत्र समोर टीव्हीवर ठेवलेलं होतं. मी म्हणालो, "आक्का, त्या गाडीत तू बसत जाऊ नको."

ती हसली. "का रं? गाडी बी वाळीत टाकली का आता?"

"तसं नाही."

"मग कसं?" ती म्हणाली, "हे बघ, गाडीचं मला बोलू नको. गाडीपायी ते तीन दिवस धड जेवले न्हाईत. तुला गाडी पायजे तर तू त्यांना सांग, थेट. माझ्याकडनं न्हाई."

ती असं तोडून माझ्याशी कधी बोलत नसे. मला लागलं ते. गाडी मला नको होती आणि माझी सख्खी बहीण मला गाडीचा भुकेला समजत होती! दुसरा असता तर त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं असतं. मी म्हणालो, "बरं. न्हाई बोलत." आणि ठेवला. मनात म्हणालो, एवढ्या दिवसांत काही झालं नाही, आणखी आठ दिवसांत काय होतंय?

शोरूमच्या पोरीचा आणखी दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं, निरोप दिलाय.

तीनेक आठवडे गेले. एका सकाळी आक्काचा फोन आला. ती सकाळची कधी करत नसे. आवाज खुशीत होता. "आज घरीच हाईस का?"

"हाव. का गं?"

"कायी न्हाई, असंच. जेवायला काय करून राहिली भावजय?"

मी म्हणालो, अजून काही नाही. मागं दाजींचा खोकला ऐकू आला. तो ऐकून मी आखडलो. एरवी मी विचारलं असतं की आज अशी सकाळी कशी काय, कुठं निघालीस काय. दाजी ऐकत असतील म्हणून मी काही विचारलं नाही. ती म्हणाली, "बरं, ठेवते," आणि ठेवला.

दुपारी दोनच्या सुमारास अनोळखी नंबर आला. पलीकडं पोलीस. गाडीचा नंबर वाचून दाखवला आणि म्हणाला, "गाडी तुमच्या नावावर दिसतीय. लोह्याच्या अलीकडं अपघात झालाय."

मी म्हणालो, "माझी नाही ती गाडी."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. कोण होतं गाडीत, जिवंत आहेत का, हे त्यानंतर विचारलं. तो म्हणाला, एक म्हातारा बाप्या, एक बाई. नांदेडला सरकारी दवाखान्यात आणतोय.

बायको आणि मी रिक्षानं गेलो. आक्काला आत नेलेलंच नव्हतं. बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर ठेवली होती, डोक्यापासून चादर ओढून. चादर तोकडी पडली होती, पाय बाहेर होते. पायात नवी जोडवी होती. बायको खाली बसली आणि तिनं ते पाय धरले. मला रडू आलं नाही. मी शिपायावर ओरडलो की लांब चादर नाही का तुमच्याकडं, माणसाला झाकायची अक्कल नाही का. तो बिचारा दुसरी चादर घेऊन आला.

गाडी बघितलेल्या माणसांनी सांगितलं ते असं. गतिरोधकावरनं गाडी उतरली आणि पुढचं डावं चाक आत लोळलं. गाडी रस्ता सोडून पुलाच्या कठड्यावर डाव्या अंगानं आदळली. आक्का त्या अंगाला बसलेली होती. दाजींच्या बरगड्या मोडल्या, खांदा मोडला, पण जीव राहिला. पोलिसांनी लिहिलं की चालकाचा ताबा सुटला.

आक्काला निलंग्याला नेलं. लेक सासरहून धावत आली. दाजी नांदेडला वॉर्डात पडून होते, त्यांना हलवू दिलं नाही, त्यामुळं शेवटचं तोंड बघणं त्यांच्या नशिबी आलं नाही. मी खांदा दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून परत नांदेडला आलो आणि स्टँडवरनं थेट दवाखान्यात गेलो. अहमदपूरच्या काकांना मी तोंड दाखवलं नव्हतं आणि त्यांनीही मला दाखवलं नव्हतं.

दाजींच्या छातीला पट्टे बांधलेले. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. दीड वर्षानं आम्ही समोरासमोर आलो होतो. आधी कुणी बोलायचं हा प्रश्नच उरला नव्हता. तेच बोलले.

"गाडी तुम्हाला आणून देत होतो," ते म्हणाले. "मी म्हणलो होतो, मेलो तरी देत न्हाई. तिनंच धरलं. रोज एकच. गाडी देऊन टाका, दुसरी घेऊ. गाडी गेली तर जाऊ द्या, माझा भाऊ तर बोलंल. मग म्हणलं, चल बाई. तुम्हाला आधी सांगू देत नव्हती. दारात जाऊन उभंच राहायचं, म्हणली."

मी पलंगाची कड धरून उभा होतो.

"माझंच चुकलं," दाजी म्हणाले. "दोन म्हैने गाडी पुढनं वाजून राहिली होती. म्हणलं रस्त्याचा आवाज आसंल. स्पीड ब्रेकरवर जोरात घातली आसंल मी. माझ्या हातानं घालवली मी तिला." आणि हा माणूस, ज्याची मान मला खाली झुकलेली बघायची होती, तो लहान लेकरासारखा रडायला लागला. बरगड्या मोडलेल्या, त्यामुळं त्याला धड रडताही येत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, गप्प राहावं असं मला वाटलं. पोलिसांनी त्यांचा दोष लिहिला होता, ते स्वतःही तेच म्हणत होते, आणि पत्र माझ्या घरी होतं. ते मी चुलीत घातलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? बायको दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझी मला शरम वाटली.

मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. पत्राचं, मिस्त्रीनं दाखवलेल्या सांध्याचं, लातूरला अर्ध्या दिवसात काम होत होतं त्याचं. शोरूमला त्यांचा नंबर का दिला नाही तेही सांगितलं. तुम्ही खाली मान घालून यावं म्हणून, असं त्याच शब्दांत. वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देईल, उरलेला हात उचलील. द्यावा, उचलावा. मला तेच पाहिजे होतं.

त्यांनी काहीच केलं नाही. बाजूच्या पलंगावरचा पेशंट पाणी मागत होता, बायकोनं जाऊन त्याला पाणी दिलं. मग दाजींनी विचारलं, "तिला ठाऊक होतं का? तुम्हाला हे म्हाईत हाय, ते?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं झालं," म्हणाले. "येताना सबंध रस्त्यानं तुमचंच कौतुक करून राहिली होती ती."